एआय आणि आपलं लिखाण: कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमचा लिहिणाऱ्यांचा एक छोटा कट्टा आहे. कथा, एकांकिका, गझला, वर्षानुवर्षं अर्धवट पडलेल्या कादंबऱ्या असं सगळं तिथे वाचलं जातं आणि त्यावर वादही होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून चहाच्या वेळी विषय एआयवर घसरतोच. मी हस्तलिखितं संपादित करते, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. खालची उत्तरं माझी आहेत, कट्ट्यावर ती सगळ्यांनाच पटतात असं नाही.

लेखक यंत्राकडून नेमकं काय करून घेतात?

बाहेरून वाटतं तसं नुसतं 'एक कथा लिही' नाही. माझ्या ओळखीतले बहुतेक जण ते लिखाणाच्या आधी आणि नंतर वापरतात. आधी म्हणजे माहिती काढायला, पात्राबद्दल स्वतःला प्रश्न विचारून घ्यायला, कथानक कुठे अडलंय ते बोलून बघायला. नंतर म्हणजे लांबलचक मजकुरातल्या विसंगती शोधायला, टायपिंगच्या चुका काढायला, प्रकाशकाला पाठवायचा सारांश किंवा मलपृष्ठावरचा मजकूर बेतायला. मधलं काम, म्हणजे प्रत्यक्ष वाक्य लिहिणं, तिथे मी यंत्राला घेत नाही.

का? त्याने लिहिलेली कथा चांगली तर वाटते.

पहिली चांगली वाटते. पाच मागवा आणि शेजारी ठेवून वाचा. 'ठाण्यातल्या निवृत्त शिक्षकाची कथा लिही' असं सांगितलं की पाऊस येतो, जुना पंखा कुरकुरतो, मुलगा अमेरिकेत असतो, कपाटात एक पत्र सापडतं आणि शेवटी डोळे पाणावतात. तपशील बदलतात, पण चाल तीच राहते.

यात यंत्राचा आळस नाही, त्याची घडणच तशी आहे. अफाट मजकूर वाचून 'यानंतर काय येण्याची शक्यता जास्त' हे ते शिकलेलं असतं. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर आजची बहुतेक मॉडेलं (या यंत्रांचं भाषा शिकलेलं डोकं) उभी आहेत आणि त्यांचा मूळ व्यवहार हाच आहे. अर्ज, पत्र, सारांश यांना शक्यता जास्त असलेला शब्द चालतो. कथेत मात्र जे कुणाला सहज सुचलं नसतं, तेच हवं असतं. आमच्या कट्ट्यावर एकाने निवृत्त शिक्षकाचीच कथा वाचली होती. त्यातले गुरुजी एका जुन्या विद्यार्थ्याला उसने दिलेले अठराशे रुपये वसूल करायला रोज संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात, आणि तो दिसला की तोंड फिरवून शेंगदाणे घेतात. त्यात पाऊसही नव्हता आणि पत्रही नव्हतं. माणूस मात्र होता.

'जरा वेगळं लिही' असं सांगून पाहा. यंत्र विचित्र लिहील, पण विचित्र म्हणजे नेमकं नव्हे.

मराठी त्याला कितपत येतं?

दोन वर्षांपूर्वीपेक्षा खूपच बरं येतं. तरी मराठी लेखकाला खटकावं इतकं उरलेलं आहे.

एक कारण उघड आहे. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा आहे, आणि जो आहे त्यातला बराचसा बातम्या, सरकारी परिपत्रकं आणि घाईने केलेले अनुवाद. आपली उत्तम कथा, ललित, नाटकं पुस्तकांत आणि जुन्या दिवाळी अंकांतच राहिली. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, पण त्यातलं शोधता येईल अशा रूपात किती आहे? शिवाय जुना मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला, त्यामुळे संगणकाला तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो.

दुसरं कारण तांत्रिक आहे. मॉडेल अक्षरं वाचत नाही, मजकुराचे तुकडे वाचतं, ज्यांना टोकन म्हणतात. देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत फुटतो, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला जास्त जागा आणि जास्त पैसे लागतात. यात सुधारणा होते आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं, तेव्हा कंपनीने दाखवलेल्या नमुन्यात मराठी मजकूर पूर्वीच्या साधारण एक तृतीयांश तुकड्यांत बसत होता.

वाचताना खुणा लगेच सापडतात. बायको नवऱ्याला एका ओळीत 'तुम्ही' म्हणते आणि पुढच्याच ओळीत 'तू'. चाळीतली शेजारीण वृत्तनिवेदिकेसारखी बोलते. परिच्छेद संपताना एक सुविचार चिकटवलेला असतो. 'हे केवळ घर नव्हतं, तर...' अशी वाक्यं पानोपानी दिसतात. संपादकाच्या हातात अशी चार पानं आली की पाचवं उघडायची गरज पडत नाही.

मग आगरी किंवा कोळी बोलीतले संवाद त्याच्याकडून लिहून घ्यावेत का?

नकोत. नवी मुंबईतल्या घणसोली, गोठिवली, दिवाळे, करावे इथल्या गावठाणांतली बोली त्याने क्वचितच वाचलेली असते, कारण ती फारशी लिहिलीच गेलेली नाही. 'आगरीत लिही' म्हटलं की थोडी मालवणी, थोडं सिनेमातलं गावरान आणि मनाने रचलेली क्रियापदं एकत्र करून ते आत्मविश्वासाने पुढे ठेवतं. परक्या वाचकाला ते खपून जाईल. ऐरोलीतल्या वाचकाला पहिल्या ओळीत कळेल की लिहिणारा कधी गावात बसलेला नाही.

आमच्याकडे एक मुलगी नवी मुंबईच्या भूसंपादनावर कादंबरी लिहितेय. शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०, भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा जानेवारी १९८४ चा लढा, पोलीस गोळीबारात गेलेले पाच जण, नंतरची, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना. हा सांगाडा यंत्राने तिला पटकन मांडून दिला आणि तो तिने छापील मजकुराशी ताडून घेतला. पण नोटीस आली त्या दिवशी घरात कोण काय बोललं, पैसे आल्यावर भावाभावांत काय झालं, मिठागर गेल्यावर म्हातारी सकाळी उठून कुठे जायची, हे तिला गावातल्या बायकांनी सांगितलं. तिने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि स्वतः, शब्दन् शब्द ऐकून उतरवलं. उतरवायचं कामही यंत्राला देऊन पाहिलं होतं. त्याने सगळ्या बायकांना पुणेरी करून टाकलं.

ऐतिहासिक कथेसाठी त्याच्या माहितीवर भरवसा ठेवावा का?

वाट विचारायला ठेवा, साक्षीदार म्हणून नको. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये त्याच किल्ल्यातून इंग्रजांच्या कैदेतून निसटले, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. कथेला याहून चांगला ऐवज काय हवा? पण त्या सुटकेचं वर्णन यंत्राकडे मागा, की पहारेकऱ्याचं नाव, रात्रीचं हवामान आणि एक ऐतिहासिक पत्रही मिळेल, ज्यातलं काय खरं हे त्यालाही सांगता येणार नाही. आठवण नसली तरी ते गप्प बसत नाही. जागा भरतं.

यावर दोन उपाय चालतात. पहिला, त्याला फक्त शोधाची दिशा विचारा: कोणत्या प्रकारची कागदपत्रं असतील, गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) कोणतं प्रकरण पाहावं. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १८८२ चं आहे आणि ते इंटरनेटवर मिळतं. दुसरा, तुम्ही जमवलेला मजकूर त्याला द्या आणि 'यातूनच उत्तर दे, पान सांग' असं बजावा. गूगलचं नोटबुकएलएम याच कामासाठी आहे. पान उघडून बघायचं काम मात्र तुमचंच. आणि १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच गावात आहे, तिथे जायला पासवर्ड लागत नाही.

लांब कादंबरीतल्या चुका ते शोधतं का?

शोधतं, आणि माझ्या मते हा त्याचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग आहे. तिसऱ्या प्रकरणात डावखुरा असलेला माणूस अकराव्यात उजव्या हाताने सही करतो, मावशीचं नाव मध्येच बदलतं, गणपती आणि दिवाळी यांत दहाच दिवसांचं अंतर पडतं, असल्या गोष्टी ते चांगल्या पकडतं. 'पात्रांची यादी, प्रत्येकाचं वय, नातं आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख काढून दे' असं सांगितलं की निम्म्या विसंगती त्या यादीतच दिसतात.

स्थानिक काळाची चूक मात्र निसटते. एका हस्तलिखितात १९९५ सालची नायिका ठाणे स्टेशनवर वाशीची लोकल पकडत होती. यंत्राला तीनदा वाचायला दिलं तरी त्याला काही वावगं दिसलं नाही. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या २००४ मध्ये सुरू झाल्या. त्याआधी बस धरा नाहीतर कुर्ल्याला उतरून हार्बरने जा. हे कट्ट्यावरच्या तुर्भ्याला नोकरी केलेल्या एका काकांनी ऐकता ऐकता सांगितलं, वर त्या वेळच्या बसच्या गर्दीचं वर्णनही ऐकवलं, ते आता कादंबरीत आहे.

काही सुचतच नसेल तर?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच लोक यंत्राला उलट्या बाजूने धरतात. सुचत नाही म्हणून ते त्याच्याकडे कल्पना मागतात. ते दहा देतं, दहाही कुणाच्या तरी असतात. त्यापेक्षा त्याला तुमची उलटतपासणी घ्यायला लावा. मी देते ती सूचना अशी:

'मी एक कथा लिहितेय. तू एकही वाक्य लिहायचं नाही, कल्पना सुचवायची नाही, कौतुक करायचं नाही. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं उत्तर मोघम असेल तर पुढे जाऊ नकोस, त्याच मुद्द्यावर खोदून विचार.'

कौतुकाची अट गाळू नका. ती नसेल तर प्रत्येक उत्तराला 'वा, फारच हृदयस्पर्शी!' म्हणत बसतं.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या माथाडी कामगारावर एकाची कथा अडली होती. वडील माथाडी, म्हणून विषय घरचाच, पण कथा पोवाड्यासारखी होत होती. यंत्राने विचारलं, पहिला ट्रक किती वाजता येतो. मग, गोणी उचलताना हात कुठे असतो. मग, घरी आल्यावर तो पहिल्यांदा काय करतो. मग, त्याला कशाची लाज वाटते. इथे गडी थांबला. कारण वडील गावाकडच्या सोयऱ्यांना 'मार्केटात सुपरवायझर आहे' असं सांगायचे, आणि हे त्याने आजवर कुणाजवळ बोललेलं नव्हतं. कथा तिथून सुरू झाली. त्यातलं एकही वाक्य यंत्राचं नाही. प्रश्नसुद्धा काही अलौकिक नव्हता, एखाद्या चांगल्या मित्रानेही तो विचारला असता. फक्त मित्राला आपण रात्री दीड वाजता उठवत नाही.

कविता, गझल?

भुजंगप्रयाताचं लक्षण विचारलं तर चार य-गण (लघु-गुरू-गुरू), बारा अक्षरं, असं अचूक सांगतं. त्या वृत्तात चार ओळी मागितल्या की एखादी अकरा अक्षरांची निघते. टोकनचा मुद्दा इथे पुन्हा आड येतो: ज्याला अक्षरं सुटी दिसत नाहीत त्याला लघु-गुरू मोजणं जड जातं. नवी मॉडेलं आतल्या आत छोटा प्रोग्राम लिहून मोजू शकतात, तसं सांगितलं तर निकाल बरे येतात. तरीही मात्रा बोटांवरच मोजा. यमकांची यादी हवी असेल तर मागा, त्यात लाज कसली.

शुद्धलेखन तपासून घेतलं तर चालेल ना?

चालेल, पण बेड्या घालून. नुसतं 'शुद्ध कर' म्हणालात तर ऱ्हस्व-दीर्घाबरोबर तुमचा आवाजही शुद्ध होतो. 'केलं, गेलं, म्हणालं' यांचं 'केले, गेले, म्हणाले' होतं, तुटक वाक्यं जोडली जातात, शिवी सौम्य होते. साहित्य महामंडळाचे नियमसुद्धा बोलण्याप्रमाणे लिहिताना अनुस्वाराला मुभा देतात. म्हणून 'दुरुस्त करू नकोस, फक्त चुकांची यादी दे, प्रत्येकीचं कारण दे' असं सांगा आणि बदल स्वतः करा. वेळ लागतो. तो लागलाच पाहिजे.

माझं वय झालंय, टायपिंग येत नाही. मला काय उपयोग?

खरं तर तुम्हालाच सगळ्यात जास्त. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी भाषा जोडून माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. आमच्याकडचे एक आजोबा आता आठवणी अशाच सांगतात. विरामचिन्हं येत नाहीत, ती नंतर यंत्राकडून घालून घेता येतात: 'फक्त विरामचिन्हं आणि परिच्छेद घाल, एकही शब्द बदलू नकोस.'

जुन्या वह्यांचे फोटो देऊनही मजकूर मिळतो. इथे एक सावधगिरी बाळगा. अक्षर लागलं नाही तर यंत्र अंदाजाने शब्द घालतं आणि सांगत नाही. 'वाचता न आलेल्या जागी फुली टाक' असं आधीच लिहा, आणि वही समोर ठेवून एकदा ताडून बघा.

नाटक-मालिकांच्या लेखकांचं काय?

तिथे धाक खरा आहे. रोज एक भाग द्यायचा असतो, आणि घोडबंदर रोडच्या सेटवर उद्याच्या सीनची वाट बघत युनिट उभं असतं. अशा ठिकाणी 'एआयकडून काढ, तू फक्त हात फिरव' हे निर्मात्याच्या तोंडी यायला वेळ लागत नाही, आणि हात फिरवण्याचे पैसे लिहिण्यापेक्षा कमी असतात. अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये जवळपास पाच महिने संप केला, त्यात हा मुद्दा होता. करारात ठरलं की एआयला लेखक मानायचं नाही, लेखकाला ते वापरायची सक्ती करायची नाही, आणि कंपनीने दिलेल्या मजकुरात एआयचा भाग असेल तर तसं सांगायचं. आपल्याकडे करारात असं कलम आपसूक येणार नाही. सही करण्याआधी मागा. नाही मिळालं तरी मागितल्याची नोंद राहते.

स्पर्धेला किंवा दिवाळी अंकाला पाठवताना सांगावं लागतं का?

नियमावली वाचा. काही लिहिलेलं नसेल तर संपादकांना विचारा. चुका शोधून घेतल्या असतील तर मी सांगायचा हट्ट धरत नाही. मजकूर त्याचा असेल तर सांगायलाच हवं. अॅमेझॉनच्या केडीपीवर (स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायची सेवा) पुस्तक टाकतानाही हाच भेद आहे. एआयने तयार केलेला मजकूर असेल तर तो तुम्ही नंतर कितीही बदलला तरी कंपनीला कळवावा लागतो, नुसती मदत घेतली असेल तर नाही.

संपादकांची चीड समजून घ्या. क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे साहित्य स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं. दुसऱ्या बाजूला जपानच्या लेखिका रिए कुदान. जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा साहित्य पारितोषिक मिळाल्यावर त्यांनीच सांगितलं की कादंबरीचा सुमारे पाच टक्के भाग चॅटजीपीटीचा जसाच्या तसा आहे. गदारोळ झाला. पण कादंबरीतल्या एआयला पात्र प्रश्न विचारतं, त्या उत्तरांसाठी तो मजकूर होता. यंत्राच्या तोंडी यंत्राची भाषा. मला हा वापर चोख वाटतो, आणि लपवला नाही हे त्याहून.

डिटेक्टरने 'हे एआयचं आहे' असं दाखवलं तर?

घाबरू नका, आणि दुसऱ्यावर आरोप करायलाही ते वापरू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. कच्चे खर्डे तारखेसकट जपून ठेवा, तो खरा पुरावा.

कॉपीराइट कुणाचा?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ मध्ये एक तरतूद आली: संगणकनिर्मित कृतीच्या बाबतीत ती निर्माण करवणारी व्यक्ती म्हणजे लेखक. पण तेव्हा हे असलं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं, त्यामुळे तिच्यावर विसंबून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेत न्यायालयाने मानवी लेखक हवाच असं म्हटलं आहे. तुमचं वाक्य तुमचं असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

एक गैरसमज मात्र फार आहे. दुसऱ्याच्या कथेचा यंत्राकडून अनुवाद करून घेतला म्हणजे परवानगी लागत नाही, असं नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं परवानगी लागतेच, अनुवाद कुणीही केलेला असो.

माझी कादंबरी त्याला दिली तर ती चोरीला जाईल का?

कुणी उचलून छापेल ही भीती फारशी खरी नाही. तुमचा मजकूर पुढच्या मॉडेलच्या शिक्षणात वापरला जाणं ही शक्यता आहे. बहुतेक अॅपमध्ये ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, आधी ती शोधा. दुसऱ्याचं हस्तलिखित त्याच्या संमतीशिवाय अजिबात देऊ नका. मी संपादक म्हणून हे लेखी विचारते.

आधीच छापलेल्या पुस्तकांचं काय झालं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. क्लॉड हे चॅटजीपीटीसारखंच यंत्र बनवणाऱ्या अँथ्रोपिकवर लेखकांनी अमेरिकेत खटला भरला. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकांवर मॉडेल शिकवणं 'न्याय्य वापर', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर ठरवलं, पण पायरेटेड प्रतींचा साठा करणं नाही. त्यानंतर दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

पैसे भरून घ्यावं का?

आधी फुकटचं महिनाभर वापरा. पूर्ण कादंबरी तपासायची असेल तेवढ्या महिन्यापुरते भरा आणि बंद करा.

यंत्राने लिहिलेली कथा कट्ट्यावर वाचली तर चालेल?

वाचा, पण तसं आधी सांगा. नियम सगळ्यांना एकच: वाचून झाल्यावर हे पात्र इथे असं का वागलं, हे विचारलं जाईल. उत्तर देताना मोबाइल उलटा ठेवायचा.